लॉरीवाली लाउरीकाकू

वेल्समधल्या आमच्या पेनीबाँट गावात आडनावाचा काही उपयोग नाही. रस्त्यात उभं राहून ‘जोन्स’ अशी हाक मारली तर नऊ घरांतून ओ येते. म्हणून पोस्टातला जोन्स, हाफोद शेतावरचा ग्रीफ, शाळेतली लुनेद असंच चालतं. शाळेतली लुनेद म्हणजे मी, तिथली मास्तरीण. माझ्या काकूचं पाळण्यातलं नावच लाउरी. तिनं चाळिशी ओलांडल्यावर लॉरी चालवायला घेतली, तेव्हा टोपणनाव शोधायचे कष्टसुद्धा गावाला पडले नाहीत.

लॉरी मुळात इथेलकाकांची. १९३५ साली त्यांनी ती घेतली. चार टनी अ‍ॅल्बियन कंपनीची, लाकडी केबिन, पुढच्या जाळीवर उगवत्या सूर्याचं चिन्ह. चुना, पेंड, लोकर, कोळसा, आणि बाजाराच्या दिवशी मागे लाकडी पिंजरा चढवून गुरं. एका बाजूला बाला, दुसऱ्या बाजूला कॉर्वेन, मध्ये बर्विनच्या डोंगरातली शेतं. एकूण अकरा रस्ते. सतरा वर्षं काका त्याच अकरा रस्त्यांवरून जात होते. ‘ह्याला डोळे बांधून सोडला तरी घरी येईल,’ असं लोक कौतुकानं म्हणायचे. त्या बोलण्याची आम्हाला नंतर लाज वाटली.

१९५२ चा सप्टेंबर होता. काकूला बालाला बहिणीकडे जायचं होतं म्हणून ती त्या दिवशी काकांच्या शेजारी बसून निघाली. मागे चुन्याची पोती होती. पुलाच्या अलीकडे रस्ता खचला होता आणि आदल्या दिवशीच तिथे तांबडी पिंपं लावून अर्धा रस्ता अडवला होता. सकाळचं चांगलं ऊन पडलेलं. काकू म्हणाली, “इथेल, पुढे पिंपं आहेत.”

काका म्हणाले, “कुठे?”

तोवर दोन पिंपं उडून नदीत पडली होती. लॉरी थांबली तेव्हा पुढचं चाक खचलेल्या भागाच्या हातभर अलीकडे होतं. काकूनं नवऱ्याकडे पाहिलं. ते सरळ समोर तोंड करून बसले होते, काय झालं ते कुणीतरी सांगेल म्हणून वाट बघत असल्यासारखे.

“तुम्हाला दिसत नाही,” काकू म्हणाली.

“मधलं दिसतं. नळीतून बघावं तसं. कडेचं जात चाललंय.”

“कधीपासून?”

“मागच्या वर्षीच्या लोकर कातरणीपासून.”

“सव्वा वर्ष.”

“हो.”

“आणि रोज शाळेवरून जाता.”

काकू खाली उतरली, रस्त्याचं काम करणाऱ्या एका माणसाला लॉरी चालवता येत होती त्याला बोलावलं, आणि लॉरी घरी आणून लावली. मग लॉरी सुरू करायचं लोखंडी हँडल काढून तिनं स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागे ठेवलं.

सव्वा वर्ष काकांनी बायकोलासुद्धा ताकास तूर लागू दिली नव्हती. आता एकेक गोष्ट उलगडायला लागली. लॉरी मागे घेताना ते शेतकऱ्याला म्हणायचे, “जरा मागे उभा राहून हाक दे रे.” आम्हाला वाटायचं, वय झालं तसा माणूस सावध झाला. आमची शाळा अगदी रस्त्याला लागून आहे. तिथून जाताना ते माणसाच्या चालीनं जायचे आणि लांबूनच भोंगा वाजवायचे. मुलं धावत कुंपणाशी यायची, हात हलवायची, आणि काकाही हात हलवायचे. मी खिडकीतून ते रोज बघत होते. काका मुलांच्या आवाजाकडे हात हलवत होते, हे मला कळलं नाही.

लिव्हरपूलच्या डॉक्टरांनी काचबिंदू असं निदान केलं. गेलेलं परत येणार नाही आणि उरलेलंही फार दिवस टिकणार नाही, म्हणाले.

त्यानंतर नऊ दिवस काकू नवऱ्याशी बोलली नाही. जेवण वाढत होती, चॅपलला दोघं एका बाकावर बसत होती, पण शब्द नाही. दहाव्या दिवशी मी तिच्याकडे अंडी आणायला गेले होते तेव्हा काका म्हणाले, “लॉरी विकून टाकू. कॉर्वेनला एक जण घ्यायला तयार आहे.”

“आणि तुम्ही काय करणार?” काकूनं विचारलं. “कोपऱ्यात बसून घड्याळाची टिकटिक ऐकणार?”

“मग काय करू म्हणता?”

आमच्याकडे जुन्या वळणाची नवराबायको एकमेकांना तुम्ही म्हणतात. तू म्हणायचं ते देवाला, लेकरांना आणि गुरांना.

काकूनं हात पुसले. “मला शिकवा,” ती म्हणाली. “पण त्याच्या आधी एक करायचं. ज्यांची मुलं शाळेत जातात त्या प्रत्येक घरी जायचं आणि सांगायचं. ते झाल्याशिवाय मी त्या लॉरीला हात लावणार नाही.”

काकांनी चुलीकडचं तोंड माझ्याकडे वळवलं. मग मला म्हणाले, “लुनेद, तुझ्या शाळेत मुलं किती?”

“सत्तावीस.”

“घरं?”

“सोळा.”

“मला घेऊन जाशील?”

तीन संध्याकाळी आम्ही ती सोळा घरं फिरलो. काकांनी माझा दंड धरलेला असायचा. दार उघडलं की टोपी काढून ते तेच बोलायचे. “मी इथेल ब्रीझ. सव्वा वर्ष मला नीट दिसत नसताना मी तुमच्या मुलांच्या शाळेवरून लॉरी नेत होतो. काही वाईट झालं नाही, ते माझ्यामुळे नाही. एवढं सांगायला आलो.”

एका घरी मनुकांचा पाव आणि चहा पुढे आला, आणि काकांना तो गिळणं सगळ्यात जड गेलं असं मला वाटतं. एका बाईनं ऐकता ऐकता मुलीला जवळ ओढलं आणि दार लावून घेतलं. हाफोदला ग्रीफ स्वतः दारात आला. काकांचा तो लहानपणापासूनचा दोस्त, एकाच वर्गातला. त्याची नात माझ्याकडे दुसरीत होती.

सगळं ऐकून तो म्हणाला, “त्या रस्त्यावर माझी नात असते, इथेल.”

“हो.”

“मी तुला मागे घेताना हाका देत होतो. वर्षभर. मला वाटत होतं मी तुला मदत करतोय.” त्यानं दाराला हात घातला. “माझ्या गुरांना तुझी लॉरी नको.”

परत येताना मी काकांना विचारलं, का लपवलंत म्हणून. पायाखालची खडी तेवढी वाजत होती. मग काका म्हणाले, “आधी वाटलं, चष्मा लागेल. मग वाटलं, एवढा हिवाळा जाऊ दे. आणि मग एक दिवस लक्षात आलं, की आता सांगायचं म्हणजे नुसतं आजचं सांगून भागणार नाही. आतापर्यंतचंही सांगायला लागणार. त्यानंतर रोज एक दिवस वाढतच गेला.”

मी त्यांना माफ केलं होतं का, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. पण दंड सोडला नाही.

मग काकूचं शिक्षण सुरू झालं. गावामागे पाटीच्या दगडाची बंद पडलेली खाण आहे, तिच्या मोकळ्या पटांगणात. त्या जुन्या गाडीचा गिअर म्हणजे दुखणंच होतं. क्लच दोनदा दाबायचा, मध्ये इंजिनाचा वेग नेमका जुळवायचा, नाहीतर दात एकमेकांवर करकरायचे आणि आवाज थेट चॅपलपर्यंत जायचा. काका शेजारी बसून ऐकायचे. आणि लॉरीत चढल्यावर ते बायकोला तू म्हणायला लागले. दोघांच्याही ते लक्षात आलं नसावं.

“ऐक. अजून ऐक. इंजिन खाली यायला लागलंय ना? आत्ता. आत्ता टाक.”

कर्रर्र.

“तुला आत्ता म्हटलं होतं, जेवण झाल्यावर नाही.”

“मग तुम्हीच टाका.”

“मी टाकला असता तर तू इथे कशाला असतीस? पुन्हा.”

पटांगण जमलं, पण रस्त्यावर शिकायचं तर कायद्यानं शेजारी परवानाधारक माणूस हवा. काकांचा परवाना त्यांनी स्वतःच परत पाठवला होता. शेवटी आमचे पाद्री टेगिडसाहेब तयार झाले. त्यांच्याकडे एक चिमुकली मोटार होती आणि परवानाही. मग त्या केबिनमध्ये तिघं. स्टिअरिंगवर काकू, पलीकडच्या दाराशी काका, आणि मध्ये टोपी मांडीवर धरून पाद्रीसाहेब. कायद्याच्या दृष्टीनं शिक्षक ते. त्यांना लॉरीतलं ओ की ठो कळत नव्हतं.

“पाद्रीसाहेब, उजवीकडे काही दिसतं का?” काका विचारायचे.

“मी डोळे मिटले आहेत, इथेल.”

“मग आपण दोघं सारखेच.”

खरं शिक्षण गुरं भरायला लागल्यावर झालं. गुरं द्यायला तयार असणारे थोडेच होते, पण होते. काका केबिनच्या मागच्या फळीला डोकं टेकून बसायचे. “खूर वाजले,” ते म्हणायचे. “वळणावर तू त्यांना पाय हलवायला लावलेस. गुरानं पाय हलवला की समज, तू घाई केलीस. ती उभी आहेत तशी उभी राहिली पाहिजेत.” काकू तेच शिकली. चढावर कधी, उतारावर कधी, किती आधी, सगळं मागच्या खुरांवरून. दिसतं आहे तोवर काकांनी स्वतःही कधी असं ऐकलं नसावं.

परीक्षेत ती पहिल्यांदा नापास झाली. परीक्षक इंग्रज होता, सभ्य माणूस. त्यानं कागदावर एकच कारण लिहिलं, की चालकानं संपूर्ण वेळात एकदाही आरशात पाहिलं नाही. मी ते वाचून दाखवलं. मग काका म्हणाले, “आरसा. आरसा शिकवायचा राहिलाच की,” आणि हसायला लागले. पिंपं उडाली त्या दिवसानंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना ऐकलं. काकू आधी रागावली, मग तिलाही हसू आवरेना. दुसऱ्या खेपेला ती इतक्या वेळा आरशात बघत होती, की परीक्षकानं विचारलं, मागून कुणी येतंय का?

परवाना मिळाला आणि कॉर्वेनच्या बाजारात चेष्टा सुरू झाली. सगळ्यात पुढे ग्रीफ. “लाउरी लॉरी चालवते म्हणे. उद्या माझी कोंबडी ट्रॅक्टर मागेल.” काकू मागचा फळका खाली टाकत म्हणायची, “द्या तिला. तुमच्यापेक्षा सरळ नांगरेल.”

ग्रीफ आता गुरं एका मोठ्या वाहतूकदाराकडे देत होता. त्या माणसाकडे आठ लॉऱ्या होत्या, आमच्या खोऱ्यातलं सगळं काम आपल्याला मिळावं असं त्याला वाटत होतं आणि ते त्यानं लपवलंही नव्हतं. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात बाजाराच्या दिवशी काकू हाफोदवरून जात होती. फाटकाशी पाच गोऱ्हे बांधलेले आणि ग्रीफ रस्त्याकडे डोळे लावून उभा. काकूनं लॉरी थांबवली, खाली उतरली आणि फळका टाकला.

“तुम्ही ठरवलेली लॉरी टायर फुटून बालाच्या अलीकडे उभी आहे. चढवा.”

“मी तुला बोलावलं नव्हतं.”

“मीही तुमच्यासाठी थांबले नाही. गोऱ्हे सकाळपासून पावसात उभे आहेत.”

ग्रीफनं गोऱ्हे चढवले. केबिनमध्ये काका बसले होते, तिकडे त्यानं पाहिलं नाही. तो मागे सायकलवरून आला. कॉर्वेनला उतरवल्यावर त्यानं एकेका गोऱ्ह्याच्या पाठीवरून, कुशीवरून हात फिरवला. कुठे खरचटलेलं नाही, गुडघे कोरडे, म्हणजे वाटेत एकही बसलेला नाही. त्यानं पुन्हा एकदा हात फिरवला आणि सायकलवर बसून गेला. पुढच्या बाजाराला पोस्टातल्या जोन्सकडून निरोप आला, हाफोदला तीन गाई आहेत.

पण खरी कसोटी १९५५ ला आली. तेव्हा लोकांचा माल वाहायचा तर गाडीगणिक सरकारी परवाना लागायचा. तो काकांच्या नावावर होता, मुदत संपत होती, आणि काकूनं नव्यानं स्वतःच्या नावानं अर्ज केला. असा अर्ज आला की दुसरा वाहतूकदार हरकत घेऊ शकत असे. आठ लॉऱ्यांवाल्यानं घेतली. सुनावणी रेक्सहॅमला होती. अधिकारी लष्करातून निवृत्त झालेला इंग्रज, समोर पाण्याचा पेला, बाजूला दुभाषा. काकूचं इंग्रजी चॅपलच्या कपड्यांसारखं, क्वचित बाहेर निघणारं. महिनाभर मी तिच्याकडून उत्तरं घोकून घेतली होती. वकिलानं त्यातलं काहीच विचारलं नाही.

“मिसेस ब्रीझ, तुमचे पती पूर्ण अंध आहेत?”

“हो.”

“आणि लॉरी चालवायला तुम्हाला त्यांनीच शिकवलं?”

“हो.”

मागच्या बाकांवर हशा पिकला. काका माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी टोपी हातात घट्ट धरली.

काकू हशा थांबेपर्यंत थांबली. मग ती वेल्शमध्ये बोलली आणि दुभाष्यानं सांगितलं, “साक्षीदार म्हणतात, तुमच्या अशिलाच्या दोन लॉऱ्या गेल्या हिवाळ्यात बर्विनच्या घाटात कलंडल्या. त्या चालकांना कुणी शिकवलं ते त्यांना माहीत नाही. पण त्याला दिसत असणार.”

नंतर अधिकाऱ्यानं विचारलं, अर्जदाराच्या बाजूनं कुणी बोलणार आहे का. आमच्या बाजूनं टेगिडसाहेबांनी बोलायचं ठरलं होतं. ते उठायच्या आत मागच्या दाराशी कुणीतरी घसा खाकरला. ग्रीफ होता. लग्नाला घालायचा कोट घालून आलेला. तो येणार हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

तो म्हणाला, त्याची गुरं तीन जणांनी वाहिली आहेत. आधी इथेल ब्रीझनं, मग ह्या साहेबांनी, आता ह्या बाईनं. ह्या साहेबांच्या लॉरीतून पाचातलं एक तरी जनावर बसून यायचं. बाईच्या लॉरीतून दीड वर्षात एकही नाही.

वकिलानं विचारलं, “म्हणजे बाईमाणसानं लॉरी चालवलेली तुम्हाला पसंत आहे?”

“नाही,” ग्रीफ म्हणाला. “मुळीच नाही. माझी बायको चॅपलमध्ये माझ्यापेक्षा मोठ्यानं गाते, तेही मला पसंत नाही. पण ती सुरात गाते आणि मी गात नाही. त्याला मी काय करू?”

दुभाष्याला ते इंग्रजीत सांगताना दोनदा थांबावं लागलं. अधिकाऱ्यानं पेल्यातलं पाणी प्यायला जरा जास्तच वेळ घेतला.

मग ग्रीफ वकिलाकडे नाही, आमच्या बाकाकडे बघत म्हणाला, “आणखी एक लिहून घ्या. हा माणूस माझ्या दारात येऊन आपली चूक सांगून गेला होता. त्याला कुणी पकडलं नव्हतं. त्याच्या घरातून लॉरी निघते तेव्हा मला माहीत असतं, काही बिघडलं तर ते मला सांगतील.”

काकूला परवाना मिळाला. दोन वर्षांचा, वीस मैलांच्या आतला, आणि मग दर वेळी वाढत गेला. बाहेर पायऱ्यांवर ग्रीफ आणि काका एकमेकांसमोर उभे राहिले. अडीच वर्षांत दोघं बोलले नव्हते. ग्रीफ म्हणाला, “पायरी आहे, इथेल. तीन आहेत,” आणि काकांचा दंड धरला.

त्यानंतर अकरा वर्षं काका रोज लॉरीत तिच्या शेजारी बसून जात होते. गरज नव्हती. काकूला रस्ते पाठ झाले होते, गिअरही करकरत नव्हता. पण दुपारी कुठल्या तरी शेताच्या फाटकाशी लॉरी थांबवून दोघं कालवणाचा डबा उघडायची आणि काका विचारायचे, “काय दिसतं?” ती सांगायची. कुणाचं कुंपण पडलंय, कुणाच्या मेंढ्या कुणाच्या रानात आहेत. निसर्गसौंदर्य वगैरे दोघांनाही सांगायची ऐकायची सवय नव्हती. १९६६ च्या मार्चमध्ये न्यूमोनियानं ते गेले. त्यांना चॅपलच्या मागे पुरलं. दुसऱ्या आठवड्यात काकू चुना घेऊन बालाला गेली. शेजारच्या सीटवर तिनं आठ वर्षं कुणाला बसवलं नाही, मलासुद्धा नाही. मी बस धरायचे.

१९७४ ला तिनं काम थांबवलं. मधल्या काळात नवी डिझेल लॉरी आली होती. जुनी अ‍ॅल्बियन गोठ्यात गवताखाली पडून होती. ती पुढे सीमेपलीकडच्या, इंग्लंडातल्या विटकम नावाच्या एका निवृत्त शिक्षकानं नेली आणि सहा वर्षं खपून दुरुस्त केली. बालाला जुन्या लॉऱ्यांचा मेळा भरतो, तिथे तो ती घेऊन आला. काकू तेव्हा ऐंशीला आली होती. मी तिला घेऊन गेले. हिरवा रंग इतका चकचकीत, की त्यात आमची तोंडं दिसत होती. दहा-बारा म्हातारे ड्रायव्हर जमले होते, प्रत्येक जण आपापली लॉरी किती हट्टी होती ते दुसऱ्याला ऐकवत होता. काकूनं लॉरीला एक फेरी घातली.

“हिच्यातून काय नेता?” तिनं विटकमला विचारलं.

“काही नाही. नुसती दाखवायला आणतो.”

“रिकामीच आणता? सीमेपासून?”

“हो.”

“मग पाठ दुखत असेल. रिकामी लॉरी उड्या मारते. मागे दोन टन काहीतरी टाका, कमानपाट्यांना काम हवं. लोखंडालाही रिकामं बसवत नाही.”

तो बिचारा हो म्हणाला. म्हाताऱ्या माणसांना आपण म्हणतो तसं. पण पुढच्या वर्षी तो आला तेव्हा मागे चाळीस पोती वाळू नीट रचून, दोरीनं बांधून आणली होती. काकूनं दोरीवरून हात फिरवला, डावीकडची एक गाठ सोडली, ओढून पुन्हा बांधली, आणि चहाच्या तंबूकडे निघाली.